यंत्रासुराची सोय

चित्रपटांनी तंत्रज्ञानाच्या दुष्परिणामांचे प्रत्ययकारी चित्रण केले, असे विधान आपल्याकडील समीक्षेत सहज केले जाते. त्या चित्रणाचा रूपबंध कोणता आणि तो काय झाकतो, हा प्रश्न मात्र विचारलाच जात नाही. 'मेट्रोपोलिस' (१९२७) व 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) यांच्यापासून यंत्र अवाढव्य, गोंगाट करणारे, माणसाला गिळणारे असते. बी. आर. चोप्रा यांच्या 'नया दौर'ने (१९५७) टांगा व बस यांची शर्यत लावली. त्या चित्रपटाचा रोख यंत्रापेक्षा मालकाच्या लोभावर आहे हे मान्य. पण शर्यतीला निकाल असतो आणि निकाल लागला की प्रेक्षक निश्चिंत होतो. '२.०' (२०१८) या चित्रपटात तर मोबाइलच थव्याने उडून माणसांवर चाल करून येतात. साठ वर्षांत यंत्रासुराचा आकार तेवढा वाढला.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह जेथे लावला ते वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, हे अभ्यासकांना सांगावे लागत नाही. शेतकरी-आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली जाहीर झालेल्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत हेच वाशीम होते, याचे स्मरण मात्र द्यावे लागते. यंत्रासुराचा रूपबंध नेमका येथे अपुरा पडतो.

'बिटर सीड्स' आणि 'कॉटन फॉर माय श्राउड' (दोन्ही २०११) या माहितीपटांनी बीटी कापसाचा प्रश्न ऐरणीवर आणला, ही त्यांची कामगिरी नाकारण्याचे कारण नाही. त्यानंतर मात्र विदर्भ म्हणजे कापूस, कापूस म्हणजे बीटी आणि बीटी म्हणजे खलनायक, असे समीकरण चर्चाविश्वात पक्के झाले. वाशीम जिल्ह्याचे प्रमुख खरीप पीक सोयाबीन आहे आणि जनुकपरिवर्तित सोयाबीनच्या लागवडीला भारतात परवानगी नाही. तरीही कर्ज आणि आत्महत्या तेथे आहेतच. तेथे तंत्रज्ञान येते ते कृषी केंद्रातून, पुष्कळदा उधारीवर: तणनाशकाची बाटली, पाठीवरचा पंप, भाड्याचे मळणीयंत्र. तणनाशकाने निंदणाचे कष्ट वाचतात आणि निंदणाला जाणाऱ्या बायांची मजुरीही जाते. यातील कोणत्याही वस्तूला राक्षसाचा चेहरा नाही.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. येथे यंत्र माणसासमोर उभे नव्हते, ते त्याच्या पाठीला बांधलेले होते. विष त्वचेतून आणि श्वासातून जात होते. (या विषाला आपली बोली 'औषध' म्हणते, चिन्हमीमांसकांनी इकडे वळायला हरकत नाही.) शर्यत नाही, स्फोट नाही, निकाल नाही, अशी हानी पडद्यावर कशी आणायची, हा खरा रूपाचा प्रश्न आहे. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) त्याच्या बराच जवळ जातो. शेजाऱ्याच्या आत्महत्येनंतर अलका आपल्या नवऱ्यावर पाळत ठेवते; हानी घडण्याआधीच ती घरात कशी वावरते, हे त्या पाळतीतून कळते. त्याला केवळ दुष्काळाचा चित्रपट म्हणणे म्हणजे आभाळाकडे बोट दाखवून मोकळे होणे होय.

कलाकृतीकडून कृषी विद्यापीठाचा अहवाल मागू नये, असा आक्षेप यावर घेतला जाईल. अहवाल कोणीच मागत नाही. प्रश्न एवढाच, की या चित्रपटांतील दुःखाचा वाहक बहुधा सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरीच का असतो? रोजंदारीने पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराने औषध निवडलेले नसते, त्याचे मिश्रणही अनेकदा दुसऱ्यानेच सांगितलेले असते. कर्जमाफी त्याच्या वाट्याला येत नाही, कारण पीककर्ज त्याच्या नावावर नसते. चित्रचौकटीत तो दिसलाच तर हिरव्या शेतातून दूर जाणारी एक पाठमोरी आकृती म्हणून दिसतो, आणि समीक्षक त्या चौकटीच्या छायालेखनाची प्रशंसा करतात.