मोटारीची निगा : नवे ब्रेक-शू, जुना ड्रम

मोटारीच्या मागच्या चाकांना नवे ब्रेक-शू बसविले की गाडी पूर्वीपेक्षा लवकर थांबेल, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. पहिल्या दिवशी मात्र पुष्कळदा उलटाच अनुभव येतो. पेडल खोल जाते, चाकातून घासल्याचा आवाज येतो, हातब्रेक उतारावर गाडी धरीत नाही. यांतील कोणती तक्रार चार दिवसांत आपोआप मिटते आणि कोणत्या तक्रारीपायी गाडी जागीच उभी करावी, हे मालकाला ओळखता आले पाहिजे. गाडीत बसणारी माणसे आपल्याच घरची असतात.

प्रथम कारण पाहू. ड्रममध्ये धनुष्याकृती दोन शू असतात. पेडल दाबताच ते बाहेर ढकलले जातात आणि त्यांवरील लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतात. जुना ड्रम झिजून किंचित मोठा झालेला असतो. नव्या लायनरची गोलाई त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून आरंभी लायनरचा थोडाच भाग टेकतो. यावर उपाय असा : मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वेगावरून १५ पर्यंत बेताने ब्रेक लावावा, मग ड्रम निवू द्यावा, असे पंधरा-वीस वेळा करावे. तोवर घाटाची उतरण टाळावी. हलकी घसघस व ब्रेकची किंचित मंदता एवढ्याने जाते.

पुढील लक्षणे मात्र अशी जात नाहीत.

पेडल खोल जाऊन दोन-तीनदा दाबताच वर येत असेल, तर शू व ड्रम यांतील अंतर जास्त राहिले आहे. पेडल स्पंजासारखे लागले, तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली असण्याचा संभव असतो. दाबून धरले असता ते हळूहळू खाली जात असेल, तर गाडी रस्त्यावर नेऊच नये.

चाक तापत असेल, तर पुढच्या चाकांना ठोकळे लावून मागचे चाक जॅकवर उचलावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक सोडावा व चाक हाताने फिरवावे. हलकी घसट चालेल. चाक अडता कामा नये. हातब्रेकची केबल आधीच घट्ट केली की शू मूळ जागी परतत नाहीत. म्हणून आधी शूंचे अंतर, मागाहून केबल, हाच क्रम ठेवावा. झिजलेल्या ड्रमच्या काठाशी उरलेल्या उंचवट्यावर नवा शू चढला, तरीही चाक अडते.

ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढत असेल, तर एका लायनरला तेल किंवा ग्रीस लागले असावे. असा लायनर पुसून वापरू नये. गळती थांबवून दोन्ही चाकांचे शू एकदमच बदलावे. पेडल पायाखाली थरथरत असेल, तर ड्रमची गोलाई बिघडली आहे. तो लेथवर घासून घेता येतो. परंतु त्याच्या कमाल व्यासाची मर्यादा बहुधा ड्रमवरच उठविलेली असते, ती ओलांडलेला ड्रम टाकून द्यावा.

ड्रम उघडल्यावर आतील धूळ फुंकू नये. ओल्या फडक्याने टिपावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांस घातक आहे.

मिस्त्रीकडे जाल तेव्हा ‘ब्रेक लागत नाही’ एवढेच सांगू नका. पेडल कोठवर जाते, कोणते चाक तापते, गाडी कोणीकडे ओढते, हे सांगा. निम्मे निदान तेथेच होते.