अंगठ्यानं दाबून घेतलेली सीट

लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकलला नवी सीट घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरल्यावर सगळ्यात आधी काय करतो? सीटवर अंगठा रुतवून बघतो. अंगठा खोल गेला की चेहरा खुलतो. "वा, मऊ आहे!" दुकानदारालाही एवढंच ऐकायचं असतं. व्यवहार पाच मिनिटांत उरकतो आणि ज्या अवयवासाठी ही खरेदी चाललेली असते, त्याचं मत कुणी विचारत नाही. ते मत पुण्याहून निघालेल्याला साताऱ्याच्या पुढे, कऱ्हाड यायच्या आत कळतं आणि मग बेळगावपर्यंत अखंड कळत राहतं.

हा अंगठा सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. बसलेल्या माणसाचा भार मुख्यतः दोन हाडांवर येतो. ढुंगणाच्या मांसाखाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक, चाचपलं तर हाताला लागतील अशी ती टणक टोकं असतात. त्यांच्याखाली आणि आजूबाजूच्या मांसल भागाखाली भार नीट पसरला, तर माणूस तासन्‌तास बसतो. सीट फार मऊ असली की हीच हाडं फोम चिरडून खालच्या प्लास्टिकच्या तळापर्यंत पोचतात. मधला फोम वर फुगतो आणि दोन मांड्यांमधल्या नाजूक जागेला दाबायला लागतो. तिथल्या नसा दाबल्या गेल्या की आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. मित्र सांगतात, "तुला सवय नाही रे." सवयीचा इथे काडीचा संबंध नाही. पहिल्या अर्ध्या तासात झकास वाटून दोन तासांनी छळायला लागणारी सीट बहुतेक वेळा मऊच असते. सुरुवातीला जरा कडक लागते ती मात्र संध्याकाळी कोल्हापुरात उतरल्यावर तुम्हाला दोन पायांवर सरळ चालू देते.

दुकानात आणखी एक मंत्र पुटपुटला जातो: "साहेब, चाळीस डेन्सिटीचा फोम आहे." साहेब मान डोलावतात. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, इतकंच. त्यावरून फोम किती टिकेल, किती लवकर बसेल याचा अंदाज येतो. तो कडक आहे की मऊ, हे माप वेगळं. ठरावीक खोलीपर्यंत दाबायला किती जोर लागतो, यावरून ते काढतात. एकाच घनतेचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. दुकानदाराला हे ठाऊक नसेल तर तो अडाणी, ठाऊक असून बोलत नसेल तर लबाड. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच महागात पडतात. वर 'चाळीस'च्या नावाखाली कित्येकदा सोफ्याच्या कामातून उरलेला फोमचा तुकडा चिकटवलेला असतो. सोफ्यावर माणूस टीव्ही बघत बसतो. सोफा खंबाटकी घाट उतरत नाही.

मग येतं जेल. जेलचं नाव काढलं की किंमत चढते. चांगल्या फोमवर बेताच्या जाडीचा जेलचा थर असेल तर हाडांखालचा दाब थोडा कमी होतो, हे मला मान्य आहे. पण जेल फोमसारखं दबून लहान होत नाही. ते फक्त बाजूला सरकतं, त्यामुळे खालचा फोम भिकार असेल तर जेल काहीही सुधारत नाही. शिवाय ते ऊन साठवतं. मे महिन्यात नगरच्या बसस्टँडसमोर गाडी तासभर उभी करा आणि काळ्या रेक्झिनखाली जेल असलेल्या सीटवर बसून दाखवा. वरचं रेक्झिन वाऱ्यानं निवतं, पण आतली ऊब बराच वेळ खालून वर येत राहते.

मेमरी फोमची जाहिरात तर थेट अंतराळातून येते. विमानातल्या आसनांसाठी नासाच्या कामातून 1966 च्या सुमाराला तो निघाला, हे खरंच आहे. जाहिरातीत एक गोष्ट गाळलेली असते: हा फोम तापमानावर चालतो. उष्णतेनं तो मऊ पडतो, थंडीत घट्ट होतो. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात हाडं थेट तळाला आणि लेहच्या सकाळी बुडाखाली वीट. खोलीतल्या पलंगावर तो गुणाचा असेल. आपण पलंगावरून मनालीला जात नाही.

हवेच्या गादीबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. हवेच्या कप्प्यांची ही कल्पना व्हीलचेअरवर दिवस काढणाऱ्यांसाठीच्या गाद्यांमधून आली आहे. त्यांच्या अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून ती आधी तिथे वापरली गेली. तिची माती करतात वापरणारेच. पैसे दिलेत ना, मग भरा हवा ठासून! फुगवलेल्या चेंडूवर बसल्यासारखे वळणावर डुलत जातात आणि घरी येऊन गादीला नावं ठेवतात. बसल्यावर हाड आणि सीट यांच्यात बोटभर अंतर उरेल इतकीच हवा पुरे. आणि शंभरातल्या नव्वद जणांना याचीही गरज नसते. जाळीचं जाडसर कव्हर काही शे रुपयांत मिळतं. खालून वारा खेळतो, घाम वाळतो, पाऊस निथळून जातो. त्याला कुणी अंतराळाशी जोडत नाही, म्हणून ते कुणी हौसेनं दाखवत नाही.

आता गाडी बनवणाऱ्यांकडे वळू. शोरूमच्या भिंतीवर बर्फाचे डोंगर. गाडीच्या नावाला 'टूरर' किंवा 'अ‍ॅडव्हेंचर' असं शेपूट. मोठी टाकी, पुढे काच, मोबाइल चार्ज करायची सोय, नकाशा दाखवणारा पडदा. आणि अ‍ॅक्सेसरीच्या यादीत, वेगळ्या किमतीला, 'टूरिंग सीट'. मला एक कळत नाही: टूरिंगची सीट जर जादा पैसे भरून घ्यायची, तर टूरिंगच्या गाडीवर बसवून दिलेली ती पहिली सीट कशासाठी असते? शोरूमच्या दारात फोटो काढण्यासाठी? पोळीभाजी केंद्रानं पोळीचे पैसे वेगळे लावले तर आपण भांडायला उठू. दोन-तीन लाखांच्या गाडीवर बसायची जागा जोडवस्तू म्हणून विकली, तर आपण कार्ड पुढे करतो.

यामागचं गणित साधं आहे. सीटची उंची हा माहितीपत्रकातला आकडा असतो आणि गिऱ्हाईक तो वाचतं. जुन्या 411 सीसी हिमालयनची उंची 800 मिलिमीटर, क्लासिक 350 ची 805, नव्या 450 हिमालयनची 825 ते 845, केटीएमच्या आधीच्या 390 अ‍ॅडव्हेंचरची 855. पाच फूट पाच इंचांच्या माणसाला यातला प्रत्येक सेंटिमीटर सिग्नलवर टाच टेकताना जाणवतो. उंची आटोक्यात ठेवायचा सोपा उपाय म्हणजे सीटचा पुढचा भाग निमुळता करायचा आणि फोम पातळ करायचा. त्यात डिझाइनवाल्यांना सीट टाकीकडे उतरती हवी असते, कारण फोटोत ती चपळ दिसते. त्या उतारावरून माणूस प्रत्येक ब्रेकला घसरत टाकीवर जातो. पुरुष वाचकांना याहून स्पष्ट सांगायची गरज नसावी.

टेस्ट राइड किती मिळते? चौकापर्यंत जाऊन परत. तेवढ्या वेळात कुठली सीट वाईट वाटेल?

क्रूझरचं ढोंग आणखी वेगळं. पाय पुढे लांबवलेले, हँडल अंगाकडे आलेलं, सीट ऐसपैस. बघूनच डुलकी यावी. पण पाय पुढे गेले की खड्डा आल्यावर पायांवर भार घेऊन किंचित उठता येत नाही. प्रत्येक दणका कमरेच्या मणक्यात आणि माकडहाडात. अ‍ॅडव्हेंचर गाडीची फळीसारखी सीट सुसह्य होते ती तिथे हे जमतं म्हणूनच. फूटरेस्टवर उभं राहून बुडाला दोन मिनिटांची रजा देता येते. क्रूझरसाठी सीट घेताना मागे टेकू आहे का, बसायचा भाग सपाट आहे का, हे बघायचं सोडून लोक शिवणीचा रंग निवडत बसतात.

आणि आमची मर्दानी मंडळी! यांना बूड दुखतं हे बोलायचीच लाज वाटते. अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सुमारे 1,600 किलोमीटर, गाडी चालवणाऱ्याला प्रमाणपत्र देते. आपल्याकडेही त्याचं वेड आलं आहे. येऊ दे. पण तिकडे वर्षानुवर्षं हे करणाऱ्यांच्या गाड्या बघा. सीट रुंद, बेढब, दोन्ही बाजूंना पंख फुटल्यासारखी. वर मेंढीचं कातडं, नाहीतर टॅक्सीवाल्यांचं लाकडी मण्यांचं कव्हर. दिसायला ध्यान, पण बसायला सोय. आमचा पठ्ठ्या सायलेन्सरवर पंधरा हजार उडवतो, गल्लीला रात्री झोपू देत नाही, टाकीवर लडाखचं स्टिकर लावतो आणि सीटसाठी चार हजार सांगितले की म्हणतो, "एवढे?"

खरे लांब पल्ल्याचे चालक कोण, हे या मंडळींना माहीतच नाही. औषध कंपनीचा एमआर सकाळी पंढरपूरहून निघून सांगोला, जत, मंगळवेढा करत रात्री घरी येतो, तोही शंभर सीसीच्या गाडीवर. दूधवाले, पेपरवाले, वसुलीला फिरणारे, जेवणाचे डबे पोचवणारी पोरं. त्यांच्या सीटवर काय असतं? टॉवेलची घडी, नाहीतर आईच्या गोधडीचा तुकडा सुतळीनं बांधलेला. यांच्या कंबरेचं काय झालं हे विचारायला कुठल्याही कंपनीचा माणूस आल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांच्या भिंतीवर बर्फाचे डोंगर नसतात ना.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग करायचं काय? कारागीर शोधायचा. पुण्यात नाना पेठेत आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी, टपरीएवढ्या जागेत, सीटचं काम करणारे असतात. त्यांतले बरेच फक्त कव्हर चढवतात. त्यांना हात जोडायचे. जो तुम्हाला आधी गाडीवर बसवून समोरून, बाजूनं आणि मागून बघतो, तो खरा. अशा एका कारागिराचं काम मी उभं राहून पाहिलं आहे. स्क्रूड्रायव्हरनं सीटच्या खालच्या पिना एकेक करून उचकटल्या, रेक्झिन सोललं आणि फोमवर जिथे हाडं टेकतात तिथे पेननं दोन गोल काढले. मग ग्राइंडरला खरखरीत कागदाची चकती लावून टाकीकडचा उतार मोडला, मांड्यांच्या आतल्या कडा घासून गोल केल्या, मागचा भाग रुंद करायला कडक फोमच्या पट्ट्या सोल्यूशननं चिकटवल्या. पिवळी भुकटी भुवयांपर्यंत उडत होती. दर थोड्या वेळानं तो मालकाला उघड्या फोमवर बसवायचा आणि विचारायचा, "कुठं टोचतंय?" शेवटी उंची वाढली ती जेमतेम, कारण त्यानं नुसता फोम भरला नव्हता, आकार दिला होता. सीटचं मर्म आकारात असतं. फोमचं नाव त्यानंतर.

एक गोष्ट त्याला मुद्दाम विचारा. हाडांच्या जागेवरून शिवण जाणार का? तिरप्या चौकटीची ती हिऱ्यांची शिवण सध्या फार खपते. प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. कोकणातल्या पावसात त्या भोकांतून पाणी आत शिरतं, फोम ते पिऊन बसतो आणि ऊन पडल्यावर दोन दिवस तुमच्या पँटला परत देतो. बसायच्या जागेवर एकसंध कापड आणि शिवण कडेला, एवढं सांगितलं तरी निम्मं काम झालं. आणि हो, मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर कडक करून ठेवला असेल किंवा टायरमध्ये हवा जास्त असेल, तर आधी ते बघा. सीट बिचारी बोलणी खाते.

आता ज्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही त्यांच्याकडे येतो. मागे बसणारी. बहुतेक घरांत ती बायको असते, कधी आई. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 वा नियम आहे: मागे माणूस बसवायची सोय असेल तर धरायला हँडल हवं, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्या मागच्या चाकाला आडोसा हवा. म्हणजे सरकारला तिच्या साडीचा पदर दिसला. बनवणाऱ्यांना तीही दिसली नाही. कित्येक गाड्यांवरची मागची सीट तळहाताएवढी, उंच आणि पुढे कललेली. तिला धरायला टाकी नाही, रोखायला हँडलबार नाही, खड्डा येताना दिसतही नाही. तिच्या दोन हाडांना दणका न सांगता बसतो. आणि पुढचा शूरवीर स्वतःसाठी जेल, हवेची गादी, मेंढीचं कातडं घेऊन महाबळेश्वरला पोचल्यावर विचारतो, "तू एवढी का चिडलीस?"

मागची सीट सपाट करून घ्या. पुढे कललेली असेल तर उतार काढा. मागे टेकायला पाठ लावा, नुसता लोखंडी दांडा नको. खर्च पुढच्या सीटपेक्षा कमी येतो.

पुढच्या खेपेला शोरूममध्ये जाल तेव्हा तासभराची टेस्ट राइड मागा, आणि मागे बसणारीला बरोबर घेऊन मागा. "तसं देत नाही सर," असं उत्तर मिळालं, तर टूरिंगची गाडी तिथे विकायला नाही असं समजा आणि पुढच्या दुकानात जा. सीटचे पैसे मोजायची वेळ आली तर मागच्या सीटचे आधी मोजा.