चौथं तिकीट

"गाणी मोबाईलवर फुकट ऐकता येतात, मग एवढा खटाटोप कशाला?" रेक्टर सरांचा प्रश्न. ३० जानेवारी २०२५ ला पुण्यात एड शीरन गायला. गिटार आणि लूप स्टेशन घेऊन हा गडी एकटाच आवाजावर आवाज चढवतो आणि अख्खं मैदान सोबत गातं. सर, ते मोबाईलवर मिळत नाही!

पण गेलो आम्ही तिघंच. चौथा रूममेट म्हणाला, "सबमिशन आहे." खरी अडचण पैशांची, हे ठाऊक असूनही आम्ही गप्प बसलो. शीरनचं वेड आम्हाला त्यानंच लावलं होतं. गणपतीला वर्गणी काढतो, मग मित्राच्या तिकिटाला कॉन्ट्री का नाही? जायचं तर चौघांनी, नाहीतर रूमवरच ऐकू.