सूत विजेवर कातलं जातंय, आपण अजून गाठीच मोजतोय

'पांढऱ्या सोन्याचा जिल्हा' म्हणून भाषणं ठोकणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांना एक साधा प्रश्न. इलेक्ट्रोस्पिनिंग हा शब्द ऐकलाय का कधी?

नसेल तर सांगतो. पॉलिमरचं द्रावण सिरिंजमध्ये भरायचं आणि सुईला दहा-वीस हजार व्होल्टचा दाब द्यायचा. थेंबातून तंतू खेचला जातो, द्रावक वाटेतच उडून जातो. तंतू केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतका बारीक! साध्या पत्र्यावर पडला तर नुसता गुंता. जोरात फिरणाऱ्या ड्रमवर घेतला तर सगळे तंतू एका दिशेनं लागतात, पीळ दिला की सूत. अशा तंतूंवर नसा जोडण्याचे प्रयोग चाललेत. आणि हे काही कालचं नाही, अँटोन फॉर्महाल्सनं १९३४ मध्येच पेटंट घेतलं होतं.

यवतमाळचा काय संबंध, म्हणाल. सरकीला चिकटून राहते ती बारीक लव, म्हणजे लिंटर. त्यापासून सेल्युलोज ॲसिटेट बनतं आणि ते याच यंत्रावर कातता येतं.

आता २०१७ आठवा. पऱ्हाटीवर फवारणी करताना याच जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात पडले. नाकावर काय होतं? दुपट्टा! नॅनोतंतूंचा थर फवाऱ्याचे बारीक तुषार अडवतो. वाफेसाठी कार्बन लागतो, अंगासाठी वेगळा कपडा. तो 'किसान कवच' सूट २०२४ मध्ये आला, तोही बंगळुरूच्या प्रयोगशाळेतून.

मेले आपले, संशोधन दुसरीकडे. कापसाची केंद्रीय संस्था सिरकॉट १९२४ पासून मुंबईत. पीएम मित्रा पार्क अमरावतीजवळ नांदगाव पेठला. अमरावतीशी भांडण नाही, पण आपल्या वाट्याला काय? जिनिंग आणि गाठी. शकुंतला रेल्वे इथला कापूस बाहेर न्यायलाच टाकली होती. गाडी थांबली, धंदा तोच राहिला.

यानं उद्या कापसाला भाव मिळेल असं मी म्हणत नाही. हे काम संथ आहे, यातून धोतरं निघत नाहीत. पण प्रयोगशाळेतलं यंत्र म्हणजे पंप, हाय व्होल्टेजचा पुरवठा आणि ड्रम. त्याला सूतगिरणीएवढा पैसा लागत नाही. टेक्स्टाईलचे इंजिनिअर याच शहरात शिकलेत.

मागणी एकच. जिल्हा नियोजनच्या पैशातून इथल्या कॉलेजात एक युनिट द्या आणि पहिलं काम फवारणीच्या मास्कचं सांगा. पालकमंत्री, आमदार, खासदार, 'बघू' नको. तारीख सांगा.