घडीत लपलेला दरवाजा

आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. म्हणून आम्ही समुद्राचं उभं राहणारं पुस्तक केलं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदाची लांब पट्टी घेतली, पंख्यासारख्या घड्या घातल्या आणि वरची कड कातरली: आधी लाटा, मग मुरूड-जंजिऱ्याचे बुरूज. जंजिरा म्हणजे आपल्या उर्दूतला ‘जझीरा’, बेट. हा किल्ला एकेकाळी नगरच्याच निजामशाहीत होता! त्याचा मुख्य दरवाजा होडी अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

वर्गात कधीच न बोलणाऱ्या एका मुलीने तो दरवाजा घडीत लपवला. म्हणाली, “टीचर, जवळ या, मग दिसेल.”

वर्षभर मी तिची हजेरी लांबूनच घेत होते. घरीही एखादी पट्टी दुमडून पाहा. मुलांच्या जवळ बसून.