कुकीशी बोलतो ती मराठी

आमच्या कुकीला दोन भाषा कळतात. ‘सिट’, ‘स्टे’, ‘लीव्ह इट’ एवढं इंग्रजी ती सहा आठवड्यांच्या क्लासमध्ये शिकली. त्याची फी मी भरली आणि तिचं प्रमाणपत्र फोटोसकट आमच्या फ्रिजवर लावलेलं आहे. दुसरी भाषा तिला कुणी शिकवली नाही. संध्याकाळी कामावरून आलो की बूट काढता काढता मी दारातच बसतो आणि तोंड सुरू होतं, ‘‘काय गं कुके, आज काय उद्योग केलास? कुणाकुणावर भुकलीस? आगं बया, हे पाय कुठं बरबटवून आलीस?’’

ही मराठी मी राहतो त्या न्यू जर्सीतली नाही आणि पुण्यातलीही नाही. ती डाळजची आहे. पुण्याहून सोलापूरला निघालात आणि भिगवण मागं टाकलंत की डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसू लागतं. तिथंच रस्त्याच्या कडेला डाळज नंबर एक, दोन, तीन अशा पाट्या लागतात. हिवाळ्यात लोक गाड्या भरून रोहित पक्षी बघायला येतात तो हाच पट्टा. मी तिथून पुण्याला कॉलेजात गेलो तेव्हा ‘हितं’, ‘तितं’, ‘नगं’ सोबत घेऊन गेलो. पहिल्या महिन्यात मुलं हसली, दुसऱ्या महिन्यात मी ते शब्द पेटीत घालून कुलूप लावलं. पुढं नोकरीत, लग्नात, इथल्या मराठी मंडळाच्या स्टेजवर कुठंच ते बाहेर काढले नाहीत. आमच्या घरात तर त्यांना जागाच नव्हती, कारण बायको नागपूरची. ती तिचं नागपुरी आणि मी माझं इंदापुरी बाजूला ठेवून आम्ही वीस वर्षं एकमेकांशी पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलतो आहोत. कुकी आली आणि दोघांचीही कुलपं निघाली. मी नसलो की बायको तिला विचारते, ‘‘काऊन वं, जेवत काऊन नाही?’’ हे मी जिन्यावरून चोरून ऐकलेलं आहे.

आता मुद्द्याचं. आमची मुलगी अकरा वर्षांची. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच चालतं, वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षी चार जुलैच्या रात्री फटाके सुरू झाले आणि कुकी डेकखाली जाऊन बसली. मुलगी तिथं गुडघ्यावर बसून तिला हाका मारत होती, ‘‘हितं ये की गं कुके. भिऊ नगंस.’’ मी दारात थबकलो. हे मराठी मी तिच्याशी जन्मात बोललेलो नाही. तिच्या रविवारच्या मराठी शाळेत तर ‘इथे ये’ आणि ‘घाबरू नकोस’ असंच आहे. पुढं तिथं ती एकदा ‘हितं’ म्हणाली आणि तिला ताबडतोब दुरुस्त करण्यात आलं. बाईंचीही चूक नाही, त्यांना मुलांना परीक्षेला बसवायचं असतं.

मुलं मराठी का बोलत नाहीत यावर आपल्या मंडळात दर दोन वर्षांनी परिसंवाद होतो. वक्ते बदलतात, उपाय तेच राहतात: पुस्तकं, शाळा, नाटक, सुट्टीत भारतवारी. एकदा कुणीतरी उभं राहून हा प्रश्न विचारायला हवा की आपण घरातल्या कुत्र्या-मांजराशी कोणत्या भाषेत बोलतो, आणि जसं त्यांच्याशी बोलतो तसं मुलांशी का बोलत नाही? माझं स्पष्ट मत असं की आपल्या घरांत आज जे खरंखुरं, चालतंबोलतं मराठी उरलं आहे त्याचा मोठा वाटा प्राण्यांच्या कानी जातो आणि मुलांच्या वाट्याला त्याची इस्त्री केलेली घडी येते.

२००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या डेनिस बर्नहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास छापून आला. आया आपल्या तान्ह्या बाळाशी, घरच्या कुत्र्या-मांजराशी आणि मोठ्या माणसांशी कशा बोलतात ते त्यांनी मोजलं. बाळाशी आणि प्राण्याशी बोलताना आवाज सारखाच चढा आणि लाडिक होतो. पण बाळाशी बोलताना आई स्वर ताणून, खुलवून, स्पष्ट करून उच्चारते. प्राण्याशी बोलताना तसं करत नाही. बाळाला आपण नकळत भाषा शिकवत असतो, मांजराकडून मात्र असली कुठलीच अपेक्षा नसते, असा त्याचा अर्थ लावला गेला. मला हा फरक फार बोलका वाटतो. आपली मुलं तान्ही राहिलेली नाहीत, तरी परदेशातला मराठी बाप अकरा वर्षांच्या पोरीशी अजून शिकवण्याच्याच आवाजात बोलतो: सावकाश, शुद्ध, शेवटी ‘समजलं का?’ लावून. तिनं ‘मी पाणी प्याली’ म्हटलं की पाणी राहतं बाजूला आणि ‘प्याली नाही, प्यायले’ सुरू होतं. कुकीनं आजवर एकाही शब्दाचं लिंग चुकवलेलं नाही, त्यामुळं तिच्याशी आम्ही मोकळे.

ही गोष्ट फक्त परदेशातली नाही. डाळजला आमच्या वस्तीवर कुत्री असायची ती आपणहून आलेली. कुणी त्यांना आणलं नव्हतं, कुणी हाकलून दिलं नाही म्हणून ती राहिली. त्यांना ‘यूऽ यूऽ’ करून बोलवायचं, ‘छू’ म्हणून सोडायचं आणि ‘हाड’ म्हणून घालवायचं. तीन शब्दांत संसार. मग रस्त्याला लागून जमिनीला भाव आला, एकदोघांचे बंगले झाले आणि बंगल्यावर साखळीचं कुत्रं आलं. त्याच्या मालकाला ऊस आणि जमिनीचे सातबारे सोडून दुसरं काही वाचायची सवय नव्हती, पण कुत्र्याशी तो बोलायचा ते ‘कम’, ‘गो’, ‘शेकहँड’. आम्ही पोरं कुंपणाला लटकून ते ऐकायचो. विकत आणलेल्या कुत्र्याशी इंग्रजी आणि आपणहून आलेल्याशी मराठी, हा हिशेब मला तिथं कळला. ते इंग्रजी कुत्र्यासाठी नव्हतंच, ते आमच्यासाठी, कुंपणाबाहेरच्यांसाठी होतं.

जनावराच्या तोंडून किंवा कानातून मोठ्यांची भाषा काढून दाखवायची ही हौस आपल्याकडं जुनी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखी वेद वदवले ही कथा आपण सगळे ऐकत मोठे झालो; त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे इथं आजही दाखवतात. ज्या माणसानं पुढं शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला त्यानं रेड्याला मात्र संस्कृत बोलायला लावलं. कारण उघड आहे: समोर पैठणची विद्वान मंडळी होती आणि त्यांना पटवायचं तर त्यांचीच भाषा हवी. रेड्याला एरवी घरी पाणी दाखवताना कुणी ऋचा म्हणत नसणार.

कुत्र्याला भाषाभाषांतला फरक कळतो का, ही शंका रास्त आहे. लॉरा कुआया ही मेक्सिकोची संशोधक बुडापेस्टला राहायला गेली तेव्हा तिच्याबरोबर तिचा कुन-कुन नावाचा कुत्राही गेला. तिकडं तो फक्त स्पॅनिश ऐकत होता, इकडं रस्त्यावरचे सगळे हंगेरियन बोलणारे. याला हे जाणवत असेल का, असं तिच्या मनात आलं (देशांतर केलेल्या माणसालाच असा प्रश्न पडणार). तिथल्या विद्यापीठात १८ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता पडून राहायला शिकवलं गेलं आणि ‘द लिटल प्रिन्स’ या पुस्तकातला मजकूर स्पॅनिश व हंगेरियनमध्ये त्यांना ऐकवला गेला. घरी प्रत्येकाला यांतली एकच भाषा माहीत होती. ओळखीची भाषा आणि परकी भाषा ऐकताना त्यांच्या मेंदूतले प्रतिसाद वेगळे निघाले, आणि कुत्रं जितकं वयस्क तितका हा फरक ठळक. २०२२ च्या ‘न्यूरोइमेज’मध्ये हे आलं आहे. तेव्हा ‘कुत्र्याचा गोंधळ होईल म्हणून घरात इंग्रजीच बोलतो’ असं सांगणाऱ्यांनी दुसरं कारण शोधावं. मुलांच्या बाबतीतही पूर्वी हेच कारण दिलं जायचं.

आमच्या मंडळातले एक स्नेही माझ्या या मतावर चिडतात. म्हणतात, भाषा मरायला टेकली की ती अंगाई, शिव्या आणि गुराढोरांपुरती उरते. तू कुत्र्याशी मराठी बोलण्याचं कौतुक करतोस म्हणजे प्रेताचा मेकअप करतोस. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा दिला आणि तू तिला गोठ्यात नेतोस! त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मराठी फक्त कुकीपुरती उरली तर मी हरलो, हे कबूल. पण गोठा ही काही कमी प्रतीची जागा आहे हे मला कबूल नाही. विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्याला रीतसर आवतण देतात, तेही ‘या’ म्हणून, ‘ये’ म्हणून नाही. वर्षभर ज्याला आसूड दाखवला त्याला एक दिवस आदरार्थी बहुवचन. बायकोनं हे सांगितलं तेव्हा मला आमच्याकडचं काटेवाडी आठवलं. तुकोबांची पालखी बारामतीहून पुढं निघते तेव्हा तिथं पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. शेकडो मेंढ्या एकामागून एक धावतात, आणि त्यांना वळवणारा मेंढका हाक देतो तिला ना व्याकरण आहे ना लिपी. ती हाक अभिजात आहे की नाही हे समितीनं ठरवावं.

खरी काळजी वेगळीच आहे. आमचे आजोबा नांगर धरायचे तेव्हा दिवसभर बोलत असायचे. निम्मं बैलांशी, निम्मं देवाशी, आणि सुनांबद्दलच्या तक्रारीसुद्धा बैलांनाच सांगितल्या जायच्या. गाईखाली बसलेली आजी ‘गप गं बया, उभी ऱ्हा’ म्हणत पान्हा सोडेपर्यंत तिला काय काय ऐकवायची. आता आमच्या शेतात ट्रॅक्टर येतो. गोठ्यात होल्स्टीनच्या गाई आहेत, कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला, आणि धारा काढायला यंत्र. हे चांगलंच झालं, आजीचे गुडघे गेले ते त्या धारांपायीच. पण ट्रॅक्टरशी कुणी बोलत नाही. गेल्या वेळी गावी गेलो तेव्हा चुलतभावाला विचारलं, बैलाला वळवताना आजोबा काय म्हणायचे रे? त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, ‘‘बैल असता तर आठवलं असतं.’’

म्हणून संपादकांची परवानगी घेऊन एक विनंती. गाय, म्हैस, शेळी, कुत्रं, मांजर, कोंबडी, पोपट, कुणालाही तुमच्या गावी कसं बोलवत, कसं थांबवत, कसं हाकलत, ते दिवाळी अंकासाठी लिहून पाठवा. गावाचं आणि तालुक्याचं नाव घाला. शुद्धलेखन तपासू नका. लिहिता येत नसेल अशी हाक असेल तर फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, आणि ती मुलांच्या देखत करा. माझ्याकडं आत्तापर्यंत ‘यूऽ यूऽ’, ‘छू’ आणि ‘हाड’ एवढे तीनच जमले आहेत.