जड रेणू उशिरा फुटतात

उसाच्या सरीत युरिया टाकून भरपूर पाणी सोडलं, की त्यातल्या नत्राचा थोडा अंश नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो. हे काम मातीतल्या जिवाणूंचं. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या ओळखीचा हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक आहे. पाऊस त्याला धुऊन नेत नाही, खालच्या हवेत त्याला मोडणारं काही नाही. सरासरी ११५-१२० वर्षांनी त्याचा निकाल लागतो तो वर, स्थितांबरात, सूर्याच्या अतिनील किरणांनी.

सूर्य मात्र सगळ्या रेणूंना सारख्याच वेगाने मोडत नाही. या रेणूत दोन नायट्रोजन आणि टोकाला ऑक्सिजन असे तीन अणू एका रेषेत असतात. निसर्गातल्या दर हजार नायट्रोजन अणूंपैकी तीन-चार अणू १४ ऐवजी १५ वजनाचे. जड अणूचा रेणू मंद कंप पावतो, त्याची तळाची ऊर्जा किंचित कमी असते आणि तो किरण शोषतो तो पट्टा अंमळ सरकतो. सरकतो तरी किती? नगण्य. पण ओझोन आणि ऑक्सिजन यांच्या तावडीतून निसटून तिथवर पोचणारे १९५ ते २१५ नॅनोमीटरचे किरण नेमके त्या पट्ट्याच्या उतारावर पडतात, म्हणून नगण्य फरकही हिशेबात येतो. वरच्या हवेत उरलेला वायू जड का असतो, हे कोडं शास्त्रज्ञ युंग आणि मिलर यांनी १९९७ साली असं सोडवलं. मोजमापात मात्र फरक त्यांच्या गणितापेक्षा मोठा निघाला. सरळ रेषेतला रेणू हे किरण फारसे शोषत नाही. तो वाकला की शोषतो, आणि वाकताना सर्वाधिक हलतो तो मधला अणू. त्यामुळे जड नायट्रोजन मध्ये बसला तर रेणू अधिक चिवट, टोकाला बसला तर कमी. वजन तेच, जागा वेगळी. मला तरी यातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद केंद्रातून सोडलेल्या बलूनांनी वरची हवा गोठवून खाली आणली आहे. उंच जावं तसा उरलेला वायू जड होत जातो. जमिनीलगत उलटं घडतंय. टास्मानियातल्या केप ग्रिमला १९७८पासून हवा टाक्यांत भरून ठेवतात. ती आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेली हवा तपासून २०१२ साली दाखवण्यात आलं, की १९४०पासून हा वायू हलका होत चालला आहे. खतामुळे नत्र मुबलक असला की जिवाणू हलका नत्र आधी वापरतात आणि त्यांनी सोडलेला वायूही हलका असतो, म्हणून वाढीचा माग थेट खतापर्यंत पोचतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी अब्जात २७० भाग असलेला हा वायू आता ३३५च्या पुढे गेला आहे.

आपल्याकडे ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि बाकीची खतं महाग, तेव्हा हात युरियाकडेच जाणार. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. २०१५पासून सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच विकायचा, हा निर्णय चांगला होता. नत्राचं रूपांतर त्यानं मंदावतं. पण तोही मुख्यतः स्वस्त युरियाची कारखान्यांकडे होणारी पळवापळवी थांबवायला घेतला गेला. खतांच्या अनुदानावर दरवर्षी तावातावानं बोलणारे अर्थतज्ज्ञ या वायूचं नावही काढत नाहीत, याचं मात्र मला नवल वाटतं.